पाणी कोणाचं गेलं?



आजचा श्लोक गीता १८.२५. तामस कर्म कशाला म्हणायचं ते भगवंत सांगतायत. पुढे काय होणार, कशाचा नाश होणार, कोणाला इजा होणार, आपला आवाका किती, यातलं काहीच न बघता मोहाने सुरू केलेलं काम. खरं सांगते, हा श्लोक मी आजवर दुसऱ्यांसाठीच वाचत आले. तामस म्हटलं की कोणीतरी गुंड नाहीतर दारुडा डोळ्यांसमोर यायचा.

मागच्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला मी दादा-वहिनीकडे बर्मिंगहॅमला होते. दादाने चार दिवसांसाठी नॅरोबोट भाड्याने घेतली. तिथल्या जुन्या कालव्यांवरच्या या लांबुळक्या बोटी जेमतेम सात फूट रुंद असतात, कारण बरीच लॉक्स तेवढीच रुंद आहेत. वेगाची मर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे काठावरून कुत्रं फिरवणारी आजीसुद्धा आपल्याला मागे टाकते. पानगळ संपत आलेली, पाण्यावर पिवळ्या-तपकिरी पानांचा जाड थर. ती पंख्यात अडकली की बोट रेंगाळते, मग क्षणभर इंजिन उलटं फिरवून पानं झटकायची. साडेचारला अंधार. आत कोळशाची शेगडी आणि वहिनीचा आल्याचा चहा. नामस्मरणाला याहून चांगली जागा नाही, असं मी दोनदा तरी म्हणाले असेन.

तिसऱ्या दिवशी टार्डेबिग उतरलो. सव्वादोन मैलांत ओळीने ३० लॉक्स, ब्रिटनमधली सगळ्यात लांब रांग. लॉक म्हणजे पाण्याची पायरी समजा. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पुढच्या दारातली झडप, तिला पॅडल म्हणतात, हँडलने वर उचलायची. पाणी खाली जातं, बोटही खाली जाते. एका वेळेला लाखभर लीटर पाणी! बाहेर पडलं की दार लावायचं आणि पॅडल पूर्ण खाली करायचं. हे शेवटचं काम माझं होतं. सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या लॉकपर्यंत बोटं बधिर झाली होती, अंधारलं होतं, आणि मनात फक्त चहा होता.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आम्ही खाली बोट बांधून पोहे खात होतो. एक म्हातारे गृहस्थ काठाने चालत आले. एकटेच बोट घेऊन वरून उतरत होते. शेवटून तिसऱ्या लॉकचं पॅडल अर्ध्यावर राहिलं होतं. वरच्या दारातून थोडं पाणी झिरपतंच. रात्रभरात त्या लॉकच्या वरचा सगळा टप्पा रिकामा झाला, नुसता चिखल. त्यांची बोट त्याच्याही वर अडकून पडली होती. "काल शेवटी तुम्हीच उतरलात का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "आमच्या मागून कोणी आलं असेल कदाचित."

ते बरं म्हणाले आणि परत गेले.

आता यातली गंमत बघा. (गंमत कसली!) दार लावून घेतल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? गीता २.४७. कर्म माझ्या हातात, फळ नाही. मी पॅडल खाली करायला गेले होते, हेतू वाईट नव्हता, पुढचं देवाच्या हातात. किती पटकन सुटले मी! आपण ऑफिसातही हेच करतो ना? घाईत काम ढकलायचं आणि वर निष्काम म्हणायचं.

पण २.४७ मध्ये आसक्ती सोडायला सांगितली आहे ती मला मिळणाऱ्या फळाची. त्या लॉकचं माझं फळ मला केव्हाच मिळालं होतं, बोट खाली आली होती, चहाही झाला होता. उरलं ते दुसऱ्याच्या वाट्याचं. ते नको म्हणायला मी कोण? आणि १८.२५ तर सरळ विचारतो: अनुबंध बघितलास? क्षय बघितलास? अनुबंध म्हणजे कामामागून बांधून येणारं. क्षय म्हणजे, माझ्या बाबतीत, शब्दशः पाणी. यात हेतू चांगला होता का, हे विचारलेलंच नाही. न बघणं हाच दोष सांगितलाय. थकवा हे कारण असू शकतं, मी अजून पूर्ण ठरवू शकलेले नाही. पण "कोणी आलं असेल" हे थकव्याने बोलले नव्हते.

दादाला म्हटलं, "दादा, ते पॅडल माझ्याकडून राहिलं." तो बघतच राहिला. वहिनी म्हणाली, "मग आम्हाला काय सांगतेस? जा वर."

गेले. ते वरच्या लॉकमधून पाणी सोडून रिकामा टप्पा हळूहळू भरत बसले होते. मी सांगितलं, पॅडलचंही आणि खोटं बोलल्याचंही. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. पाण्याकडे बघत म्हणाले, अजून तासभर लागेल. मग खिशातून दुसरं हँडल काढून माझ्या हातात दिलं.

उद्या १८.२६. राम कृष्ण हरी.