‘कर’ आणि ‘आहे’

मुंबई विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासक्रमात आयटीच्या दुसऱ्या वर्षाला, तिसऱ्या सेमिस्टरमध्ये, प्रोग्रॅमिंगच्या पॅराडाइम्सचा, म्हणजे शैलींचा, विषय आला. तोवर मुलांची सी भाषा झालेली असते. या चलात शून्य ठेव, एक मिळव, दहा होईपर्यंत फिरत राहा: प्रोग्रॅम म्हणजे हुकमांची यादी, हे अंगवळणी पडलेलं असतं. मग समोर येते प्रोलॉग. तिथे अमुक हा तमुकचा बाप आहे, बापाचा बाप तो आजोबा, एवढंच लिहायचं आणि प्रश्न विचारायचा. हॅस्केलमध्ये तर नावाला एकदा दिलेली किंमत बदलताच येत नाही.

लालबागमध्ये पत्ताही दोन तऱ्हांनी सांगतात. करी रोडला उतरा, पूर्वेला चालत या, मोठा रस्ता लागला की थांबा. किंवा नुसतं, भारतमाता सिनेमासमोर.

पोचायचं तर दोन्हींनी पोचता येतं. तरी या दोन बोलण्यांत मूळ कोणतं, हा प्रश्न कॉम्प्युटरहून फार जुना आहे. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पूर्वमीमांसकांचं उत्तर ठाम होतं: वेदाचा अधिकार विधीत, म्हणजे ‘हे कर’ सांगणाऱ्या वाक्यांत. स्तुती, कथा, वर्णनं हा अर्थवाद. त्याला अर्थ येतो तो एखाद्या विधीला जोडल्यावर. त्यांच्यातले प्राभाकर आणखी पुढे गेले. मूल भाषा शिकतं तीच आज्ञेतून, असं ते म्हणत. एक वडीलधारा गाय आणायला सांगतो, दुसरा आणतो, आणि मूल ते बघत असतं.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्राच्या चौथ्या सूत्रावरच्या भाष्यात याला हरकत घेतली. हा साप नव्हे, दोरी आहे, एवढं कळताच माणसाची भीती जाते. पुढे करायचं काहीच उरत नाही. म्हणजे जे आहे ते सांगणारं वाक्य स्वतःच्या बळावर उभं राहू शकतं.

गिरगावच्या आंग्रेवाडीत राहून धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या म. म. पां. वा. काणे यांना ही चर्चा रोजच्या कामाची होती. स्मृतींतलं कोणतं वाक्य बंधनकारक आणि कोणतं केवळ प्रशंसापर, हे ठरवायला मीमांसेचे नियमच लागतात. १९६२पर्यंत चाललेल्या त्या ग्रंथाच्या पाचव्या खंडात या नियमांचं सविस्तर विवेचन आहे. काणे १९४७ ते १९४९ याच मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. आजच्या अभियांत्रिकीच्या मुलाला ही ओळख कुणी करून देत नाही, हे खरोखर नुकसान आहे.

यंत्रांच्या जगात विधिपक्ष आधी जिंकला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला, तोही पायरीपायरीने हुकूम पाळणारा. गणितात मात्र दोन्ही तऱ्हांची बरोबरी १९३६लाच ठरली होती: चर्चचं फलनांवर उभं लॅम्डा कॅल्क्युलस आणि ट्युरिंगचं यंत्र, एकाने जे काढता येतं तेच दुसऱ्यानेही. पुढे फोरट्रान घडवणाऱ्या जॉन बॅकसनेच १९७७च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात हुकमी शैलीवर कडाडून टीका केली आणि फलनांच्या शैलीची बाजू मांडली.

मग निवड कशाला करायची? कारण ताकद सारखी असली तरी चूक शोधायची रीत सारखी नसते. हुकमांच्या प्रोग्रॅममध्ये विचारावं लागतं, या क्षणी चलात काय आहे? विधानांच्या प्रोग्रॅममध्ये विचारायचं, हे म्हणणं खरं आहे का? दुसरा प्रश्न विद्यार्थ्याच्या हाती लवकर यायला हवा.

शुद्ध ‘आहे’ मात्र प्रोलॉगलाही पेलत नाही. तिथे नियमांचा क्रम चुकला तर उत्तर न येता शोध अनंत चालू राहतो. हॅस्केललाही पडद्यावर अक्षर उमटवायला आयओ नावाचा वेगळा कप्पा ठेवावा लागतो. वेदान्त्यांनाही ही अडचण चुकली नाही. ज्ञान आज्ञेने होत नाही हे मान्य करूनही, उपनिषदांतल्या श्रवणाच्या, म्हणजे ‘ऐकावं’ असं सांगणाऱ्या, वाक्यात विधी आहे की नाही, यावर भामती आणि विवरण या अद्वैताच्याच दोन परंपरा वेगळ्या झाल्या. विवरणवाद्यांनी तिथे विधी मानला, भामतीने नाकारला.