मोडलेलें हाड कसें जुळतें
वचन : गलतीकरांस पत्र, अध्याय ६, वचन १

कोणी चुकून पडला तर त्याला सौम्यपणें पुन्हा ठिकाणावर आणावें, असा बोध प्रेषित पौल ह्या वचनांत मंडळीला करितो. 'ठिकाणावर आणणें' ह्या अर्थाचा जो मूळ ग्रीक शब्द येथें आहे, तोच शुभवर्तमानांत जाळीं नीट करणाऱ्या कोळ्यांविषयीं आला आहे. आणि ग्रीक वैद्य मोडलेलें हाड बसविण्याविषयीं तोच शब्द योजीत असत. म्हणून आज आपण हाडाकडेच पाहूं, म्हणजे पौलाचें म्हणणें आपल्याला अधिक उघड होईल.

हाड म्हणजे वाळलेल्या लांकडासारखी निर्जीव वस्तु, अशी पुष्कळांची समजूत असते. कारण आपण तें बहुधा मेलेल्या जनावराचें पाहतों. पण जिवंत शरीरांतील हाड जिवंत असतें. त्यांत चिवट तंतूंचें जाळें असतें, व त्या जाळ्यांत चुना व स्फुरद यांचे क्षार बसलेले असतात. क्षारांमुळें हाडाला कठीणपणा येतो, आणि तंतूंमुळें तें काचेसारखें सहज तडकत नाहीं. त्यांतून रक्त वाहतें. जुना भाग काढून टाकणाऱ्या व नवा रचणाऱ्या सूक्ष्म पेशी त्यांत आयुष्यभर काम करितात.

असें हाड मोडलें, म्हणजे प्रथम तेथें रक्त सांकळतें व सूज येते. दुरुस्तीचा आरंभ तेथूनच होतो. दोनतीन आठवड्यांत दोन्ही टोकांमध्यें तंतूंचा व कूर्चेचा मऊ सांधा तयार होतो. मग त्यांत चुना बसत जाऊन तो कठीण होतो. हाताच्या हाडास बहुधा सहा ते आठ आठवडे लागतात, नडगीस तीनचार महिने किंवा अधिक. पुढें कित्येक महिने, कधीं वर्षेंहि, शरीर ती ओबडधोबड गांठ झिजवून हाडाला पूर्वीचा आकार देत असतें. जुळलेलें हाड पूर्वीहून बळकट होतें असें पुष्कळदां सांगतात. तें खरें नव्हे. गांठ कांहीं काळ जाड असते, इतकेंच. नीट जुळलेलें हाड पूर्वीसारखें होतें. आणि ही देवाची कृपा काय थोडी आहे?

ह्यांत वैद्याचें काम कोणतें? नवें हाड तो करीत नाहीं. तो टोकें समोरासमोर सरळ आणितो, आणि तीं हलूं देत नाहीं. टोकें फार हलत राहिलीं, रक्त पोंचेनासें झालें किंवा जखमेंत पू झाला, तर कधीं कधीं हाड जुळतच नाहीं. टोकें गुळगुळीत होऊन मध्यें खोटा सांधा राहतो, आणि देवानें जेथें सांधा ठेविला नाहीं तेथें हात वांकतो.

अशा एका हाडाची हकीकत आमच्या नाशकाशीं जोडलेली आहे. इ. स. १८४४ मध्यें आफ्रिकेंत माबोत्सा येथें डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन ह्यांच्या डाव्या दंडाचें हाड सिंहानें चावून फोडलें. जखमा भरल्या, पण हाड जुळलें नाहीं. तेथें खोटा सांधा राहिला. पुढें १८७२ सालीं जेकब वेनराइट नांवाचा तरुण त्यांना जाऊन मिळाला. हा गुलामगिरींतून सोडविलेला आफ्रिकी मुलगा चर्च मिशनरी सोसायटीच्या नाशिक येथील शरणपुरच्या शाळेंत शिकला होता. मे १८७३ च्या आरंभीं डॉक्टरसाहेब चितांबोच्या गांवीं वारले. त्यांचें काळीज तेथेंच एका झाडाखालीं पुरलें, तेव्हां अंत्यविधि जेकबनें वाचला. नंतर सुसी, चुमा, जेकब व त्यांचे सोबती ह्यांनीं तें शरीर उन्हांत वाळवून, हजार मैलांहून अधिक वाट चालून समुद्रकांठीं नेलें. १८७४ च्या एप्रिलांत तें लंडनास पोंचलें, तेव्हां चेहऱ्यावरून ओळख पटण्याजोगी नव्हती. शस्त्रवैद्य सर विल्यम फर्ग्युसन ह्यांनीं दंडाचें तें न जुळलेलें हाड पाहून हे लिव्हिंग्स्टनच होत असें निश्चयानें सांगितलें. १८ एप्रिल रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबींत दफन झालें. शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत शरणपुरचा जेकबहि होता.

वाचकहो, पहा! सुमारें २९ वर्षें तो हात बाहीखालीं झांकलेला होता, आणि काम चाललेंच होतें. पण चेहरा सांगेना तेव्हां हाडानें सांगितलें. त्यांचा सांधा सिंहामुळें मोडला. आमच्या मंडळ्यांतील सांधे आम्हीच मोडतों. शेताच्या बांधावरून दोन भाऊ तुटतात, लग्नांतील मानपानावरून दोन घरें दुरावतात. पुढें उपासना चालते, सलामहि होतो, प्रभुभोजनास दोघे एकाच सतरंजीवर बसतात. आणि आपण म्हणतों, सर्व ठीक आहे. पण दुःखाचें ओझें येऊन पडलें कीं हात त्याच जागीं वांकतो. तो समेट नव्हे, तो खोटा सांधा होय.

उपदेशक बंधूंनो, हें काम तुमच्याकडे आहे. प्रथम टोकें सरळ समोरासमोर आणा : कोणाचें काय चुकलें तें दोघांच्या देखत बोललें जावें. तेव्हां दुखेल, म्हणूनच पौल सौम्यपणा सांगतो. मग तो सांधा हलवूं नका. काल जुळलेली गोष्ट आज पाणवठ्यावर पुन्हा उकरणारा मनुष्य बांधलेल्या कामट्या रोज सोडून पाहणाऱ्यासारखा आहे. तसेंच बंधन फार आवळूंहि नका. फार घट्ट पट्टीनें बोटें थंड व काळींनिळीं पडतात, आणि हाड वांचवितांना हात जातो. फार कठोर शिक्षेनें मनुष्य मंडळींतून जातो.

खऱ्या हाडाविषयींहि हेंच लक्षांत ठेवा. कोणी गाडीवरून किंवा झाडावरून पडला, तर अवयव ओढूं नका व चोळूं नका. कामट्यांनीं सैलसर आधार देऊन त्याला लागलेंच इस्पितळांत न्या. बोटें बधिर होऊं लागलीं तर पट्टी ताबडतोब सैल करा. हाड जुळेपर्यंत विडीतंबाखू वर्ज्य करा, कारण तिच्यानें जुळण्यास विलंब लागतो.

हाड बसविणें मनुष्याचें, जुळविणें देवाचें. एक्कावन्नाव्या स्तोत्रांत दावीद आपल्या ठेंचलेल्या हाडांसाठीं देवापाशींच आनंद मागतो. तर ज्या घराचा उंबरा आपण टाळीत आलों, त्या घरीं पुढच्या प्रभुभोजनापूर्वीं जाऊं या. टोकें समोर आणूं, स्थिर राहूं, आणि जुळविणाऱ्याची वाट पाहूं. आमेन.