किल्ली रद्द करताना

लॅपटॉप दुरुस्तीला टाकला, तेव्हा पिशवीच्या कप्प्यात पासफ्रेजची चिठ्ठी तशीच राहिली. तीन दिवस. परत आला तेव्हा चिठ्ठी जागच्या जागी होती. कुणी वाचली की नाही, कोण सांगणार?

घरचं दुखणं कुणाजवळ बोलता येत नाही अशा चार-पाच जणी मला ईमेल लिहितात. मधल्या कुणाला ते वाचता येऊ नये म्हणून आम्ही पीजीपी वापरतो. फिल झिमरमन यांनी १९९१ साली ते लोकांसाठी खुलं केलं. माझी सार्वजनिक किल्ली त्यांच्याकडे. तिनं कुलूप लागतं. उघडतं ते फक्त माझ्याजवळच्या खासगी किल्लीनं. माझी सहीही तिच्यानंच होते. ती दुसऱ्याच्या हाती गेली, तर 'ही आता माझी धरू नका' असं जाहीर करता येतं. एकदा जाहीर केलं की मागे घेता येत नाही.

मी आठवडाभर केलं नाही. पुरावा कुठाय, असं स्वतःला सांगत राहिले. खरी अडचण वेगळीच होती. रद्द करताना कारण विचारलं जातं: किल्ली फुटली, नवी घेतली, की वापर थांबवला? 'नवी घेतली' म्हटलं तर माझ्या जुन्या सह्या टिकतात. 'फुटली' म्हटलं की त्याही संशयात जातात, कारण चोर मागची तारीख घालू शकतो. शिवाय अक्का निष्काळजी, हे चारचौघींत कळतं. 'नवी घेतली' हे काही खोटं नव्हतं, घेणारच होते ना! असलं सत्य आपल्याला फार लवकर सापडतं.

उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी बांधली आहे. आपण पाणी गाळतो ते जीव दिसला म्हणून नाही, असेल म्हणून. मग इथंच मला पुरावा कशाला हवा होता? दुकानातल्या पोरावर आळ घ्यायचीही गरज नव्हती. चिठ्ठी मी विसरले. आता प्रत्येक शंकेला किल्ली बदलायची म्हटलं तर बायका कंटाळतील, हेही खरं; नव्या किल्लीचा चाळीस आकडे-अक्षरांचा ठसा फोनवर वाचून जुळवावा लागतो. पण कंटाळायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं होतं.

'फुटली' असंच लिहिलं. मग एकेकीला फोन केला. एकीनं विचारलं, "अक्का, माझी जुनी पत्रं?" रद्द केल्यानं ती झाकली जात नाहीत; किल्ली आणि पत्र दोन्ही ज्याच्या हाती लागेल, त्याला ती आजही वाचता येतील, असं मी सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही.

"आठवडा आधी सांगितलं असतंत," म्हणाली, "तर परवाचं मी लिहिलं नसतं."