तीन झाडांची मुभा

कायद्याने मनाई केलेली नाही, एवढ्यावरून एखादी गोष्ट करण्याजोगी ठरते काय? आणि कायद्याने मनाई केली आहे, एवढ्यावरून ती करणारा माणूस वाईट ठरतो काय? वर्गात आम्ही हे प्रश्न कधी विचारले नाहीत. ते आम्हाला विचारले आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने.

हा मुलगा उमरग्यात उर्दू माध्यमातून आमच्या हाताखाली शिकला. आज जर्मनीत नोकरी करतो. ईदेच्या दिवशी मुबारकबादीसाठी त्याचा व्हिडिओ फोन आला. शीरखुर्मा, दोस्त, अब्बाची तब्येत असे सगळे विचारून झाले आणि त्याने फोनचा कॅमेरा खिडकीकडे वळवला. तिथे तीन रिकाम्या कुंड्या होत्या. शेजारी बियांचे एक पाकीट. बिया गांजाच्या.

"सर, बोऊं क्या? यहाँ तीन झाडां तक चलतै, पुलिस कुछ नै बोलती."

तो खरे बोलत होता. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला स्वतःच्या वापरासाठी घरी गांजाची तीन झाडे लावता येतात. घरात ५० ग्रॅम आणि बाहेर २५ ग्रॅमपर्यंत जवळ बाळगता येतो. घरचा माल दुसऱ्याला देता येत नाही, मुलांच्या हाती लागणार नाही अशी व्यवस्था ठेवावी लागते. कॅनडाने २०१८ मध्ये घरटी चार झाडांची मुभा दिली. त्याच्याही आधी, २०१३ मध्ये, उरुग्वेने सहा झाडांची दिली होती. जग बदलते आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

त्याने पाकीट वाचून दाखवले. वाणाचे नाव, नशेचा अंश किती टक्के, किती आठवड्यांत तुरे येतील, सगळे छापलेले. बी खात्रीने मादीचे, कारण नशा मादी झाडाच्या तुऱ्यांत असते. ऐकताना आम्हाला मृगाआधीची उमरग्याची बियाण्यांची दुकाने आठवली. तिथेही शेतकरी पिशवी उलटीसुलटी करून असेच वाचतो. सोयाबीनचे घरचे बी असेल तर शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवतो आणि सत्तरच्या वर उगवले तरच पेरतो. बी निवडणे म्हणजे पीक निवडणे, हे आमच्या भागात कुणाला सांगावे लागत नाही. तूर पेरणाऱ्याच्या मनात वरण असते. मग हे बी निवडणाऱ्याच्या मनात काय आहे?

आम्ही तेच विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, रात्री झोप येत नाही, सर. ऑफिस सुटले की बोलायला कुणी नसते. आणि लगेच हसून पुढे म्हणाला, बकरी ईदेला येताना चार बिया घेऊन येऊ का? अब्बाचे गुडघे फार दुखतात. परसात लावतील.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते, म्हणून ते आधी दिले. आपल्याकडे १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आहे. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलाफळांवर आलेले तुरे. तुऱ्यांपासून वेगळी पाने आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणूनच भांगेच्या बियांची चटणी उत्तराखंडात घरोघर खाल्ली जाते. पण बी खाणे वेगळे आणि पेरणे वेगळे. परवान्याशिवाय झाड लावले तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. "बेटा," आम्ही म्हणालो, "तेरे खिडकी में जो शौक है, वो अब्बा के परस में जुर्म है."

हे सांगताना महामार्ग डोळ्यांसमोर आला. हैदराबाद-सोलापूर रस्ता आमच्या गावातून जातो. या रस्त्यावर गांजा पकडल्याच्या बातम्या आपण वाचतो. पकडला जातो तो बहुधा ड्रायव्हर, हमाल, नाहीतर चार पैशांसाठी पोते पोचवणारा एखादा पोरगा. वजन वीस किलोच्या वर गेले की किमान दहा वर्षे, आणि जामीनही कठीण. मालाचा खरा धनी क्वचितच दिसतो. आमच्या वर्गात एक मुलगी होती. तिचा बाप असाच आत गेला आणि दोन महिन्यांत तिची शाळा सुटली. त्या बापाचे कृत्य आम्ही जायज म्हणणार नाही. पण त्याला सैतान म्हणण्याआधी जीभ अडखळते. एकाच झाडासाठी एका देशात कुंडी आहे आणि दुसऱ्या देशात कोठडी. तेव्हा माणसाची सगळी नीती कायद्याच्या पुस्तकात मावत नाही, एवढे तरी मान्य करावे लागते.

मग आपल्या दीनमध्ये काय? कुराणात या झाडाचे नाव नाही. पण शराबविषयी सूरह बकराच्या २१९ व्या आयतीत जी रीत आहे, ती विचार करण्याजोगी आहे. तिथे फायदा नाकारलेला नाही. फायदा आणि गुनाह दोन्ही मांडून गुनाह मोठा असल्याचे सांगितले आहे. पुढे हशीश इस्लामी मुलखांत पसरली तेव्हा इब्न तैमिया यांनी तिला शराबच्या रांगेत बसवले. चौदाव्या शतकात जरकशी यांनी तिच्यावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. शरियतने ज्या पाच गोष्टी जपायला सांगितल्या त्यांत अक्ल आहे, आणि नशा थेट अक्लवरच हात टाकते. औषधाची गोष्ट वेगळी. या झाडापासून काढलेले अपस्माराचे एक औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झाले. डॉक्टरने दिलेले औषध घेणे आणि एकटेपणावर स्वतःच उतारा पेरणे या दोन नियती आहेत. कायदा झाडे मोजतो, ग्रॅम मोजतो. ते झाड कोणत्या दुःखावर लावले, हे मोजण्याचा तराजू त्याच्याकडे नाही. तो ज्याच्या त्याच्या जमीरकडे आहे. म्हणून मुभा मिळाली की प्रश्न मिटत नाही. पोलिसाच्या हातातून तो आपल्या हातात येतो, इतकेच.

हे सगळे आम्ही त्याला मोठ्या ऐटीत सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग हळूच म्हणाला, "सर, तुम्हारे जेब की पुडी?"

आमच्या खिशात तंबाखूची पुडी होती. ती आमच्या खिशात असते, हे त्याला चौथीत असल्यापासून ठाऊक आहे.

तंबाखूला कायद्याची मुभा आहे. २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकता येत नाही, पण मास्तरच्या खिशात बसून ती वर्गापर्यंत येते. जर्मनीतही शाळेच्या दारापासून शंभर मीटरपर्यंत नजरेच्या टप्प्यात गांजा ओढायला मनाई आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असून तो मिळतो. आपल्याच काही तकियांवर फिरणारी चिलीम आपण पाहून न पाहिल्यासारखी करतो. वुजूआधी चूळ भरून तंबाखू थुंकणारे आमच्यासारखे किती तरी सफेत उभे असतात. फुकहांत तंबाखूवर मतभेद आहेत, या आडोशाला आम्ही आजवर आरामात बसलो. जो आडोसा आम्हाला चालतो, तो त्या पोराला का चालू नये?

आम्ही त्याला एवढेच म्हणालो, "बेटा, तुझा सवाल बरोबर आहे. त्याचे उत्तर आम्हाला तोंडाने देता येणार नाही." आणि दर जुम्याला रात्री फोन करायला सांगितले. झोप येत नसेल तर बोलायला कुणी तरी असावे.

त्यानंतर जूनमध्ये आम्ही मुलांना उगवणीचा पाठ शिकवला. ओल्या कपड्यात मूग ठेवले. तिसऱ्या दिवशी एका मुलाने विचारले, "सर, बीज को कैसा मालूम पड़तै के उगना है?" आम्ही पाणी, हवा, ऊब असे सांगितले. त्या वेळी आमचा हात सवयीने खिशाकडे गेला होता. मुलांचे डोळे कपड्यावर होते, पण एकदोघांचे आमच्या हाताकडेही होते.

पुडी अजून पुरती सुटलेली नाही, हे लिहून ठेवतो. शाळेच्या वेळात ती घरी राहते, इतके झाले आहे. त्या मुलाचा फोन बहुतेक जुम्याला येतो. कुंड्यांत त्याने काय पेरले ते आम्ही विचारलेले नाही. मागच्या जुम्याला त्यानेच कॅमेरा खिडकीकडे वळवला. एका कुंडीत कोथिंबीर होती, दुसरीत पुदिना. तिसरी रिकामी होती.

"अभी सोच रहा हूँ, सर," तो म्हणाला.

"आम्हीही," आम्ही म्हणालो.