डोळे मिटू न देणारी बाहुली

मराठीत बाहुली दोन ठिकाणी राहते. एक भातुकलीत, दुसरी डोळ्यात. समोरच्याच्या बुबुळात आपलीच इवलीशी आकृती दिसते, तिलाही आपण बाहुलीच म्हणतो. खेळण्यातल्या बाहुलीचे डोळे काढले की या दोन्ही बाहुल्या एकदम जातात. गुलाबी गाल, झालरीचा फ्रॉक, नायलॉनचे केस सगळं जागच्या जागी असतं. तरी ती घरात ठेववत नाही.

मुलांच्या जुन्या बाहुल्यांची मोडतोड करून अंगावर काटा आणणारी शिल्पं घडवणारे कलावंत याच जागेवर बोट ठेवतात. काम दिसायला सोपं. रबरी डोकं गरम पाण्यात धरलं की मऊ पडतं आणि मानेतून सुटून येतं. आत डोकावलं तर केस टाळूला ओळीनं शिवलेले दिसतात. उघडझाप करणाऱ्या डोळ्यांमागे एक छोटं वजन असतं; बाहुली आडवी केली की पापण्या मिटतात त्या त्याच्यामुळे. ते वजन जाम केलं की तिला कितीही निजवा, ती टक्क जागी. केस भादरण्यापेक्षा किंवा लाल रंग ओतण्यापेक्षा एवढा एकच बदल जास्त बोचतो.

या कलेचा विषय निघाला की परदेशी नावं पुढे येतात. हान्स बेल्मर या जर्मन कलावंतानं 1933 साली बर्लिनमध्ये मुलीच्या आकाराची, सांधे निखळणारी बाहुली बनवायला घेतली आणि पुढच्याच वर्षी तिच्या छायाचित्रांचं पुस्तक काढलं. नाझींच्या धडधाकट, निर्दोष शरीराच्या वेडाला हे उत्तर होतं, असं सांगितलं जातं. असेलही. पण तुकडे झाले ते पोरीच्याच देहाचे, ही बोच त्या खुलाशानं जात नाही. त्याच्या आधी, 1919 साली, व्हिएन्नातल्या फ्रॉइड या मनोविश्लेषकानं ओळखीच्या वस्तूच्या परकेपणावर निबंध लिहिला. बाहुली जिवंत की निर्जीव या संभ्रमातून भीती येते, हे येंट्श या मानसोपचारतज्ज्ञाचं 1906 मधलं म्हणणं त्याला अपुरं वाटलं. त्याचं बोट डोळ्यांकडे होतं: डोळे जाण्याचं भय.

नंदुरबारच्या वाचकाला हे कळायला बर्लिन किंवा व्हिएन्ना गाठायची गरज नाही. गावाबाहेरच्या पथारीवर मिरची वाळत पडलेली असते, नजर जाईल तिथवर लाल. तिचीच चार हिरवी भावंडं लिंबू आणि बिब्ब्यासोबत तारेत ओवली जातात आणि दुकानाच्या चौकटीवर किंवा ट्रकच्या पुढ्यात लोंबतात. नव्या बांधकामावर चिंध्यांची काळी बाहुली टांगतात, पुष्कळदा उलटी. पाय वर आणि डोकं खाली, एवढं केलं की खेळणं संपलं. बाहुली बिघडवून ती राखणीला बसवण्याची ही युक्ती कुठल्याही कलादालनापेक्षा जुनी आहे.

मूर्तिकार हेच ज्ञान उलट्या बाजूनं वापरतात. पेणच्या कारखान्यांत गणपतीचे डोळे आखण्याचं काम कुणाच्याही हाती देत नाहीत. त्याला मुरलेला कारागीर लागतो. तोवर ती रंगवलेली माती असते, डोळे आखले की ती आपल्याकडे बघू लागते. एकानं डोळे देऊन जे साधायचं, ते दुसरा डोळे काढून साधतो.

महाराष्ट्रातली सर्वांत गाजलेली बिघडलेली बाहुली मात्र पडद्यावरची. महेश कोठारे यांच्या 1993 च्या ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू. बाहुला घडवला रामदास पाध्ये यांनी, ज्यांच्या वडिलांनी, य. के. पाध्ये यांनी, अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याला जन्म दिला. सिनेमाची कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ या 1988 च्या अमेरिकी चित्रपटाची आहे, हे उघड आहे. पण तिथं दुकानातलं लहान मुलांचं खेळणं झपाटतं, इथं बोलका बाहुला. हा बदल छोटा नाही. बोलक्या बाहुल्याच्या तोंडी आवाज मुळातच दुसऱ्याचा असतो. खुनी गुंडाचा आत्मा आत शिरला, तर पाहुणा फक्त बदलला. शिवाय लक्ष्मीकांत बेर्डे समोर असल्यावर प्रेक्षक घाबरता घाबरता हसतो. नव्वदीतली कितीतरी मुलं सिनेमा पाहून आल्या रात्री खेळण्यांचा डबा पलंगापासून लांब सरकवून झोपली असतील, आणि सकाळी त्याच डब्यातून बाहुली काढून खेळली असतील.

इथं खरा प्रश्न येतो. बाहुलीनं भीती वाटली याला हरकत नाही. ती भीती पुढे कुठं जाते? पडद्यावरची भीती बाहुल्यापाशी थांबते. काळ्या बाहुलीची भीती थांबत नाही, कारण नजर लागली म्हटलं की नजर लावणारं कुणीतरी शोधावं लागतं. सातपुड्यात अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांच्या पाड्यांवर हा शोध अनेकदा एखाद्या बाईपाशी संपला आहे. तिला डाकीण ठरवायचं, मारायचं, गावाबाहेर घालवायचं. मूल दगावलं तर तिच्यामुळे, गाय आटली तरी तिच्यामुळे. अंधश्रद्धेविरुद्ध लढणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर, 2013 साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत मंत्रतंत्रानं गुरांचं दूध आटवल्याच्या आळाचाही उल्लेख आहे. गाईच्या आटण्याची नोंद विधिमंडळाला घ्यावी लागली, म्हणजे तो आळ किती बायकांवर आला असेल!

म्हणून मोडक्या बाहुल्यांच्या कलेला ‘विकृत’ म्हणून हाकलणाऱ्यांशी भांडायला हवं. ही बाहुली कुणाकडेही बोट दाखवत नाही. बघणाऱ्याला दचकवते आणि दोषी मात्र हाती देत नाही. मग आपण का दचकलो याचा हिशेब त्याचा त्यालाच करावा लागतो. नुसता धक्का देऊन मोकळं होणारं कामही पुष्कळ आहे. रक्ताळलेलं तोंड, खिळे ठोकलेलं कपाळ, झालं. त्याच्या बचावाची जबाबदारी कुणी घेऊ नये.

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी, भीती कुठं थांबते या संदर्भात, बघण्यासारखी आहे. नवस बोललेले पुरुष बुध्या आणि बावा होतात: अंगभर पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं. शहरी छायाचित्रकार याला भुताचं सोंग समजतात, ते चूक. हे व्रत आहे, त्याला खाण्यापिण्याचे आणि निजण्याचे नियम आहेत. तरी अंधारात भोपळ्यांचा तो खडखडाट अंगावर येतो, हेही खरं. होळी पहाटे पेटते. उजाडल्यावर ठिपके घामानं ओघळलेले दिसतात आणि त्यांच्याखाली शेजारच्या पाड्यावरचा ओळखीचा माणूस निघतो.