टिकत नाही, की थांबत नाही?



घरभेटीला गेल्यावर हल्ली एक तक्रार आमच्या कानी वारंवार येते. "फादर, मुलगा एका जागी टिकतच नाही. दोन वर्षांत ही तिसरी नोकरी!" लग्नाच्या बोलण्यांतही हा विषय निघतो. ज्या वडिलांनी एकाच कारखान्यात तीस वर्षे काढली, त्यांना हे कोडे वाटणारच.

एक गोष्ट आधी बाजूला काढू या. ज्याला कंत्राटदारच काही महिन्यांनी घरी पाठवतो, त्याला चंचल म्हणणे अन्यायाचे आहे.

पण काहींच्या बाबतीत कारण स्वभावातच असते. एडविन घिसेली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली या वृत्तीला 'होबो सिंड्रोम' असे नाव दिले. होबो म्हणजे गावोगाव भटकत मिळेल ते काम करणारा. अशा माणसाला ठरावीक काळाने जागा सोडण्याची ओढच लागते; त्यामागे विचारपूर्वक ठरवलेले कारण नसते. पुढील अभ्यासांतही दिसले, की मनाने लवकर अस्वस्थ होणारी माणसे नोकरी सोडण्याचा विचार अधिक करतात, आणि शिस्तीने काम करणारी सहसा टिकतात.

ख्रिस्तसभेला हा स्वभाव नवा नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस यांनी भर दुपारी मठवाशाला घेरणाऱ्या मरगळीचे वर्णन केले आहे. सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, खोली नकोशी होते, हातातले काम नकोसे होते, दुसरीकडे सगळे सोपे असेल असे वाटू लागते. जेवणानंतर ऑफिसात घड्याळाकडे पाहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको! पुढे सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठामठांतून तीन-चार दिवस पाहुणचार झोडत फिरणाऱ्यांवर कडक टीका केली आणि आपल्या मठवाशांसाठी स्थैर्याचे व्रत घालून दिले.

मग बदल वाईटच काय? आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया पाहा. जपानमध्ये त्यांनी येशूसंघीयांबरोबर धर्मशिक्षकाचे काम केले, मग व्यापार केला, चांगला चाललेला व्यापार सोडला आणि मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन ब्रदर झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर त्यांना हौतात्म्य आले. आजच्या एखाद्या मामांनी त्यांचा बायोडाटा पाहिला असता, तर "मुलगा स्थिर नाही" असेच म्हटले असते. पण व्यापाराची इतकी वर्षे गेली, पैसा आला, तरी प्रभूला वाहून घेण्याची त्यांची ओढ गेली नाही.

येथेच संत इग्नेशियस लोयोला यांचा नियम कामी येतो. मन कोरडे, उदास असताना पूर्वी केलेला निर्णय बदलू नये. तेव्हा प्रार्थना वाढवावी आणि थांबावे. मन निवल्यावरही तीच ओढ राहिली, तर खुशाल निघावे. स्वतःला एवढेही विचारावे, की तिन्ही ठिकाणचे साहेब खरोखर वाईटच होते का?

ज्यांनी राजीनामा लिहून ठेवला आहे, त्यांनी या आठवड्यात संध्याकाळच्या मिस्सानंतर जरा थांबावे. आपण बोलू. पालकांनी मात्र सोबत येऊ नये. त्यांच्याशी आम्ही नंतर बोलू.