गुनाह आणि गुन्हा

सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा निकाल दिला तो मंगळवार होता, 17 ऑक्टोबर 2023. त्यानंतरच्या शुक्रवारी जुम्याची नमाज आटोपून आम्ही नेहमीचे पाच-सात जण मशिदीसमोरच्या टपरीवर चहाला थांबलो होतो. त्या दिवसांत गाझाशिवाय दुसरे बोलणे नव्हते, तरीही हा विषय निघालाच. ‘अल्लाहचा शुक्र, कोर्टाने तरी अक्कल दाखवली,’ असे एक निवृत्त शिक्षक म्हणाले आणि सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असेल. तेवढ्यात एसटीतून निवृत्त झालेले आमचे एक चाचा म्हणाले, ‘मला एक कळलं नाही. सरकार कोर्टात जे सांगत होतं, तेच आपली जमियतही सांगत होती. असं याआधी कधी झालं होतं का?’ कुणी उत्तर दिले नाही. चहा संपला, आम्ही पांगलो.

चाचांनी तो प्रश्न सहज विचारला होता. माझ्या मनातून मात्र तो गेला नाही.

आधी प्रकरण काय होते ते थोडक्यात. सुप्रियो चक्रवर्ती आणि अभय डांग या हैदराबादच्या जोडप्याने 2022 च्या नोव्हेंबरमध्ये याचिका केली, पुढे आणखी याचिका आल्या. 18 एप्रिल 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे सुनावणी सुरू झाली. (18 एप्रिल ही तारीख आपल्यापैकी काहींना वेगळ्या कारणाने आठवत असेल. 1966 साली याच दिवशी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया तोंडी तलाकच्या विरोधात मुंबईत विधिमंडळावर गेल्या होत्या. निव्वळ योगायोग, पण मला तो विसरता आला नाही.) न्यायालयाने पहिल्याच दिवशी सांगून टाकले की आम्ही कोणत्याही धर्माच्या व्यक्तिगत कायद्यात शिरणार नाही, फक्त 1954 चा विशेष विवाह कायदा तपासू. म्हणजे निकाहचा प्रश्नच नव्हता. कोणत्याही काझीला काहीही करायला कुणी सांगितले नव्हते. तरीही जमियत उलेमा-ए-हिंदने विरोधासाठी हस्तक्षेप अर्ज केला. अखेर पाचही न्यायमूर्तींनी विवाहाचा मूलभूत हक्क घटनेत नाही असे एकमताने सांगितले. विवाहाऐवजी निदान नोंदणीकृत सहजीवनाला मान्यता द्यावी, या मुद्द्यावर तीन विरुद्ध दोन असा नकार आला. 2025 च्या जानेवारीत फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

आपण घरात दखनी बोलणारी आणि बाहेर मराठीत व्यवहार करणारी माणसे. आपल्याकडे एकाच फारसी शब्दाची दोन रूपे आहेत. घरात ‘गुनाह’, आणि पोलीस ठाण्यात ‘गुन्हा’. गुनाह अल्लाहपुढचा, त्याची तौबा होते. गुन्हा सरकारपुढचा, तो नोंदवला जातो. मराठीने हा शब्द घेताना त्यातले पाप बाजूला ठेवले आणि कायदा तेवढा ठेवला. लहानपणी अम्मी म्हणायची, ‘झूट बोलना गुनाह है.’ शाळेत मास्तर तेच मराठीत सांगायला लागले तेव्हा खोटे बोललो तर पोलीस येतील असे मला खरेच वाटायचे.

समलिंगी संबंध इस्लाममध्ये गुनाह आहे की नाही, यावर मी वाद घालणार नाही. हजरत लूत यांच्या कौमची हकीकत कुरआनमध्ये अनेक ठिकाणी आली आहे आणि सर्व प्रमुख फिकही परंपरांनी तिचा अर्थ एकच लावला आहे. स्कॉट कूगल यांच्यासारख्या मुस्लिम अभ्यासकाने वेगळा अर्थ मांडणारे पुस्तक 2010 साली लिहिले. ते वाचनीय आहे, पण आपल्या मोहल्ल्यातला माणूस त्याने पटेल असे मला वाटत नाही, आणि माझ्या मुद्द्यासाठी ते पटण्याची गरजही नाही. शिक्षेबाबत मात्र फुकहांमध्ये एकमत नव्हते, हे आपण विसरतो. इमाम अबू हनीफांच्या मते या कृत्याला हद्द, म्हणजे ठरलेली शिक्षा, लागू नाही. ते काझीच्या विवेकावर सोपवले होते. जिनासाठी तर चार प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांची अट आहे. ज्याने ही अट घातली त्याला घराघरांत डोकावणारे लोक नको होते, हे समजायला आलिम असावे लागत नाही.

हजरत उमर यांच्याबद्दल एक हकीकत सांगितली जाते, ती आपल्यापैकी बहुतेकांनी वाजमध्ये ऐकली असेल. रात्री गस्त घालताना एका घरातून आवाज आला, म्हणून ते भिंत चढून आत गेले आणि दारू पिणाऱ्या माणसाला पकडले. तो म्हणाला, ‘मी एक गुनाह केला, तुम्ही तीन केले. तुम्ही पाळत ठेवलीत, दार सोडून भिंतीवरून आलात, आणि सलाम न करता, परवानगी न घेता आत आलात. या तिन्ही गोष्टींना अल्लाहने मना केले आहे.’ खलिफा माघारी फिरले.

कलम 377 हीच भिंत चढणारी तरतूद होती. 1860 सालच्या इंग्रजांच्या दंडसंहितेतले ते कलम. शरीअतशी त्याचा काहीही संबंध नव्हता. दिल्ली उच्च न्यायालयाने 2 जुलै 2009 रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते निष्प्रभ केले, तेव्हा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाणाऱ्यांत ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड होते. व्हिक्टोरियन इंग्रजांचे कलम वाचवायला आपले उलेमा धावले. 2013 च्या डिसेंबरमध्ये ते वाचलेही. 6 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायमूर्तींनी संमतीच्या संबंधांना त्यातून वगळले, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही.

पण हजरत उमरांची हकीकत आपल्याला 2018 पर्यंतच आणून सोडते, हे मान्य केले पाहिजे. आमचे शिक्षकमित्र म्हणतात ते खोटे नाही. भिंतीआड कुणी काय करतो ते त्याचे आणि अल्लाहचे, पण आता तर दार उघडून सरकारचा शिक्का मागितला जातो आहे. शिक्षा न करणे वेगळे आणि मान्यता देणे वेगळे.

हा आक्षेप मला गंभीर वाटतो. म्हणून मी स्वतःला विचारले, जे आपण हराम मानतो त्याला सरकारने मान्यता देऊ नये, असे आपण आणखी कशाबद्दल म्हणतो? व्याजाबद्दल कुरआनचे शब्द किती कठोर आहेत हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही या देशातली प्रत्येक बँक व्याजावर चालते, सरकार त्यासाठी कायदे करते, कोर्ट व्याजासकट वसुलीचे हुकूम देते. आपल्यातले परहेजगार लोक खात्यावरचे व्याज स्वतःसाठी वापरत नाहीत, सवाबाची नियत न करता गरजूला देऊन टाकतात. बाकीच्यांचे गृहकर्ज आहे. पण हिंदू शेजाऱ्याच्या मुदतठेवीला सरकारने मान्यता देऊ नये असा अर्ज घेऊन कोणतीही तंजीम सर्वोच्च न्यायालयात गेलेली नाही. दारूच्या परवान्यांचे तेच. आणि खुद्द विशेष विवाह कायद्याखाली मुस्लिम मुलगी हिंदू मुलाशी लग्न करू शकते, ज्याला कोणताही मुफ्ती निकाह म्हणणार नाही. मग हराम असणे ही कसोटी नाही. कसोटी दुसरी काहीतरी आहे. मला वाटते ती किळस आहे. किळस ही माणसाची खरी भावना आहे, मला ती अनोळखी नाही, पण तिला शरीअतचे नाव देणे हा शरीअतवर अन्याय आहे.

आता चाचांचा प्रश्न. केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्रात भारतीय कुटुंबाची कल्पना सांगितली, म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची मुले. ही मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे असेही म्हटले. आपल्याला ते वाक्य बरे वाटले. पण ‘भारतीय कुटुंब’ म्हणजे काय हे बहुसंख्यांच्या भावनेवरून ठरू लागले की त्यात आपण कुठे बसतो? आपला निकाह संस्कार नाही, तो करार आहे. इजाब-कबूल, मेहर, दोन साक्षीदार. न्यायमूर्ती सय्यद महमूद यांनी 1886 सालीच अलाहाबादच्या निकालात तसे लिहून ठेवले आहे. चुलत-मावस भावंडांत आपल्याकडे लग्ने होतात. उत्तराखंडचा समान नागरी कायदा 27 जानेवारी 2025 पासून लागू झाला. त्यातल्या निषिद्ध नात्यांच्या यादीत ही नाती आहेत. रूढी असेल तर सवलत आहे, पण ती रूढी सार्वजनिक नैतिकतेच्या विरोधात नसावी. कुणाची नैतिकता? कोर्टात आपण बहुसंख्यांच्या नैतिकतेच्या बाजूने उभे राहिलो आणि डेहराडूनला तिच्याविरुद्ध तक्रार करतो. 2019 च्या तलाकच्या कायद्याबाबत आपण जे म्हटले तेही आठवावे. तलाक-ए-बिद्दत 2017 च्या निकालाने रद्दच झाला, तर त्यासाठी तीन वर्षांपर्यंतची कैद कशाला, असा सवाल तोंडी तलाकला विरोध करणाऱ्यांपैकीही अनेकांनी केला. त्या वेळी गुनाह आणि गुन्हा यांतला फरक आपल्याला अगदी स्पष्ट दिसत होता.

विशेष विवाह कायद्याचा आपल्याशी आणखी एक संबंध आहे. या कायद्याखाली लग्न करणाऱ्यांची नोटीस तीस दिवस जाहीर लावली जाते. कुणीही ती वाचावी, हरकत घ्यावी. हिंदू-मुस्लिम जोडप्याची ती नोटीस कुणाच्या हाती पडते आणि पुढे दारावर कोण येते, ते सांगायला नको. महाराष्ट्र सरकारने 2022 च्या डिसेंबरमध्ये आंतरधर्मीय विवाहांची माहिती ठेवायला समिती नेमली तेव्हा आपल्याला ती पाळत वाटली, आणि ती होतीच. सुप्रियो प्रकरणात काही याचिकाकर्त्यांनी याच नोटिशीविरुद्ध दाद मागितली होती. म्हणजे त्यातला एक मुद्दा तरी आपल्याही मुलामुलींचा होता. आपल्या वकिलांनी तो उचलला नाही.

इथपर्यंत सगळा युक्तिवाद झाला. युक्तिवादाने मी मान डोलावणे थांबवले असते, पण हा लेख लिहिला नसता. लिहिण्याचे कारण आमच्या नात्यातली एक मुलगी आहे. डी.एड. झालेली, बोलकी. सहा वर्षांपूर्वी तिचे लग्न झाले, मुलगा चांगल्या पगारावर, घर स्वतःचे. मुलाने लग्नाआधी आपल्या अम्मीला सांगितले होते की मला मुलींविषयी ओढ नाही. अम्मी म्हणाली, शादी के बाद सब ठीक हो जाता है. वडिलांनी तर ऐकलेच नाही असे दाखवले. मुलगी दोन वर्षे त्या घरात राहिली. मूल नाही म्हणून बोलणी तिने खाल्ली, दर्ग्यावर मन्नती तिने मागितल्या, डॉक्टरकडच्या तपासण्याही तिच्याच झाल्या. मग खुला घेऊन परत आली. खुला तिने मागितला, म्हणून मेहर तिनेच सोडायचा. मोहल्ल्यात ती ‘घर न टिकवलेली’. मुलाबद्दल कुणी काही बोलत नाही. मलाही त्याचा राग करता येत नाही. तोही रात्री रडत असे, हे तिनेच सांगितले.

1939 च्या कायद्यात नवऱ्याच्या नपुंसकत्वावरून बाईला निकाह मोडून मागता येतो. फिकहमध्येही अशा नवऱ्याला एक वर्षाची मुदत देण्याची वहिवाट जुनी आहे. पण हा मुलगा नपुंसक नव्हता. त्याच्यासाठी आपल्याकडे शब्दच नाही, जे आहेत ते शिव्या आहेत. मालातला दोष लपवून विकणे हराम, हे आपल्या दुकानदारांना पाठ आहे. निकाहच्या करारात लपवलेले मात्र आपण इज्जत म्हणतो. समलिंगी विवाहाने विवाहसंस्था मोडेल असे टपरीवर बोलले जात होते तेव्हा ती मुलगी तिथून दोनशे पावलांवर आपल्या भावाच्या घरात शिवणयंत्रावर बसलेली होती.

तिच्या नवऱ्याला या देशात दुसऱ्या पुरुषाबरोबर उघड, कागदावर, घर करता आले असते तर त्याने तिच्याशी लग्न केले नसते, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. अम्मीचा दबाव कायद्याने जात नाही. पण ‘नाही’ म्हणायला त्याला पायाखाली थोडी तरी जमीन मिळाली असती. सध्या मिळते ती एवढीच, की 2024 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने खुलासा केला, अशा जोडप्यांना बँकेत संयुक्त खाते उघडता येईल आणि जोडीदाराचे नाव नामनिर्देशनात देता येईल.

मागच्या रमजानमध्ये मी आमच्या मौलानांकडे गेलो. भला माणूस आहे, देवबंदला शिकलेला. नावे न घेता त्यांना विचारले, एखादा मुलगा निकाहच्या आधी तुमच्याकडे येऊन सांगेल की त्याचे मन बायकांकडे नाही, तर तुम्ही त्याचा निकाह पढवाल का? त्यांनी आधी तौबा-इस्तिगफार म्हटले, मग रोजे आणि इलाज यांविषयी काही सांगितले. मग बराच वेळ तसबीह फिरवत राहिले.

‘लडकी को मालूम है क्या?’ त्यांनी विचारले.

‘नाही.’

‘तो मैं नहीं पढाऊंगा,’ ते म्हणाले. आणि थोडे थांबून, मराठीत, ‘पण दुसरा कुणीतरी पढवेल.’